डाव्या बाजूचा अकरावा

१

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ओतूबाबाच्या दुकानात जी दाढी चालू असेल ती अर्धीच राहायची. गिऱ्हाईक कोणी का असेना. एकदा केप कोस्टहून आलेले मेथडिस्ट चर्चचे मोठे पाद्री एका गालाला साबण आणि एक गाल गुळगुळीत असे तासभर बसून होते. ओतूबाबाने वस्तरा पाण्यात टाकला, हात पुसले आणि म्हणाला, "पाद्रीबाबा, मार्ल्सबीचा निकाल यायचाय. तुमचा देव थांबेल, रेडिओ थांबत नाही."

मार्ल्सबी टाउन म्हणजे विलायतेतला एक फुटबॉल क्लब. चौथ्या विभागातला, म्हणजे त्याच्याखाली नुसतं गवत. आमच्यापैकी कोणी तो पाहिला नव्हता, त्याचा साधा फोटोही नाही. ओतूबाबाने एका बोटीवरच्या खानशाम्याकडून रेडिओ घेतला, तेव्हा पहिल्या शनिवारी खरखरीतून जे पहिलं नाव स्वच्छ ऐकू आलं ते मार्ल्सबीचं. चार-शून्यने हरले होते. ओतूबाबा हळहळला, "बिचारे! यांना कोणी नसेल." झालं, तेव्हापासून त्यांना आम्ही होतो. सात वर्षं.

आम्ही म्हणजे चौघं. ओतूबाबा न्हावी. अर्कोफुल मास्तर, ज्यांना इंग्रजी यायचं आणि जे दुकानातल्या फळ्यावर खडूने गुणतक्ता लिहायचे. मी अराबा, दुकानाच्या पायरीवर केंके आणि तळलेले मासे विकणारी. मक्याचं पीठ आंबवायचं, केळीच्या पानात बांधून उकडायचं, आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची, हा माझा धंदा. आणि चौथा आतो यानी, लॉऱ्यांवर आणि दुकानांवर पाट्या रंगवणारा.

आतोबद्दल आत्ताच सांगून टाकते. तो गावातला सगळ्यांत उंच माणूस. बाविसाव्या वर्षी राजधानीतल्या, आक्राच्या एका मोठ्या संघाने त्याला बोलावणं धाडलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्याचा डावा गुडघा मोडला. तेव्हापासून तो लंगडतो. मी विधवा, चाळिशीची, जिभेने तिखट. तरी तो मला आवडायचा आणि मी त्याला. पावसाळ्याच्या तोंडावर लग्न करायचं असं आमचं ठरलं होतं.

२

रेडिओवर मार्ल्सबीच्या वाट्याला आठवड्याला एकच ओळ यायची. दोन नावं आणि दोन आकडे. एवढ्यावर सात दिवस कसे निघणार? म्हणून निकाल लागला की ओतूबाबा डोळे मिटून सामना सांगायचा, पहिल्या लाथेपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. नियम एकच होता. आकडा रेडिओचा, बाकी सगळं ओतूबाबाचं. तीन-एकने हरलो म्हणजे हरलो, पण तो एक गोल कसा झाला, कोण घसरलं, कोण रडलं, हे सगळं तो तोंडाने उभं करायचा. शेवटी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवायचा की रस्त्यावरच्या शेळ्या दचकायच्या.

खेळाडूंना नावं हवी होती. इंग्रज लोकांना काय काय नावं असतात, ते आम्हाला एकाच ठिकाणी लिहिलेलं सापडलं. आमच्या जुन्या किल्ल्यामागे, समुद्राच्या बाजूला, गोऱ्यांची दफनभूमी आहे. दोनशे वर्षांपूर्वी तापाने मेलेले अकरा जण तिथे आहेत. मास्तर वही घेऊन गेले आणि नावं उतरवून आले. जोसाया टल, कारकून, तो गोलकीपर. रेव्हरंड एबेनेझर क्लॅप मागे, बचावाला. तो आधी समोरच्याला आडवा करायचा आणि मग वाकून माफी मागायचा. कॅप्टन प्लम पुढे, कोणाला चेंडू न देणारा हावरट. डॉक्टर विगिन कायम धापा टाकणारा. अशी दहा नावं झाली. अकराव्या दगडावरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती, दगड अगदी साफ झाला होता. म्हणून डाव्या बाजूचा अकरावा आमच्याकडे बिननावाचाच राहिला. ओतूबाबा त्याला कधी आजारी पाडायचा, कधी उशिरा आणायचा.

त्या वर्षी, चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये, नवा हंगाम सुरू झाला. पहिल्याच शनिवारी आतो बाकावर पाय पसरून म्हणाला, "बाबा, डावी बाजू सात वर्षं मोकळी आहे. मला घ्या की."

"तुला?" मी म्हणाले. "दुकानापासून चर्चपर्यंत जायला तुला दोनदा बसावं लागतं."

"अगं, तिकडे कुठे चालायचंय? बाबाच्या तोंडातच तर खेळायचंय."

ओतूबाबा हसला. "घेतला. पगार नाही, केंके अराबाकडून."

त्या दिवशी मार्ल्सबी दोन-शून्यने जिंकले.

३

पहिले काही आठवडे सगळी मजाच होती. मार्ल्सबी जिंकत सुटले. मास्तरांना फळा पुसून पुन्हा पुन्हा नाव वर चढवावं लागे. गावात आमच्याच देशातल्या कुमासीच्या संघावर जीव टाकणारे लोक होते, ते आम्हाला वेड्यात काढायचे. तेही आता पाचच्या सुमारास उगीच केस कापायला यायला लागले.

आतोला एक खोड लागली होती. निकाल ऐकला की बाकावर भिंतीला डोकं टेकून तो झोपी जायचा, आणि ओतूबाबाची शिट्टी झाली की जागा व्हायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो. आपणच खेळायचं आणि आपणच झोपायचं!

ऑक्टोबरात एकदा तो गेल्यावर मी दुकान झाडत होते. ते काम शनिवारी माझ्याकडे असे. बाकाखाली चिखल होता. चिखलाचं विशेष नाही, पण आमची माती तांबडी, आणि समुद्राकडे गेलं तर नुसती वाळू. हा चिखल काळा होता. बोटाने चेपला तर गार लागला, आणि त्यात बारीक, आखूड कापलेलं गवत होतं. आमच्याकडे असं गवत कोणी कापत नाही, शेळ्या खातात.

मी स्वतःशी म्हटलं, आतो रंगारी आहे. कुठेतरी काळा रंग सांडला असेल आणि त्यात पाय पडला असेल. मी तो सुपलीत भरला आणि बाहेर फेकला. रंगाला वास येतो आणि याला पावसाचा वास होता, याचा विचार मी करायचं नाही असं ठरवलं.

४

नोव्हेंबरात आतो लंगडायचा कमी झाला.

शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी तो जवळजवळ सरळ चालायचा. सोमवारी थोडं, बुधवारपर्यंत पुन्हा पूर्वीसारखं. मी चर्चच्या पायऱ्यांवर त्याच्यामागून चालताना हे पाहिलं आणि मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मास्तर म्हणाले, "हवा कोरडी झाली की सांधे मोकळे होतात." शिकलेला माणूस म्हणतोय तर तसंच असेल.

मग मी त्याच्या हाताला हात लावला. शनिवारची झोप चालली होती, ओतूबाबा रंगात येऊन सांगत होता, बाहेर अजून उकडत होतं. आतोचा हात बर्फाच्या पेटीतून काढलेल्या माशासारखा गार होता. केसांवर बारीक थेंब होते. घाम म्हणावा तर गार.

"टल, इकडे," तो झोपेत म्हणाला.

त्यानंतर ओतूबाबाने सांगितलं, "आता टलने चेंडू डावीकडे फेकला..."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या हातातला खडू थांबला होता. "सात वर्षं ऐकतोय तो," मास्तर हळूच म्हणाले. "बाबा पुढे काय म्हणणार, ते पाठ झालं असेल." मीही मान हलवली. दोघांनाही ते पटलं नव्हतं.

जानेवारीत मी आणखी एक गोष्ट मोजायला लागले. ओतूबाबाची शिट्टी झाल्यावर आतो किती वेळाने डोळे उघडतो. पूर्वी लगेच उघडायचा. आता दहा मिनिटं लागायची, पुढे वीस. आणि उघडले की पहिल्यांदा तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्हीच परक्या गावचे.

५

फेब्रुवारीत ओतूबाबाचा चुलतभाऊ सेकोंदीला वारला. आमच्याकडे मयताचे विधी शनिवारीच करतात, म्हणून तो तिकडे गेला. किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाला, "निकाल ऐका. सामना मी आल्यावर सांगेन."

मास्तरांनी रेडिओ लावला. मार्ल्सबी एक, समोरचे एक. आतो बाकावर होता, भिंतीला डोकं टेकून झोपला. आम्ही सहापर्यंत गप्पा मारल्या आणि त्याला हलवलं. तो उठेना. तोंडावर पाणी मारलं. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली, मास्तरांनी शाळेची घंटा आणून वाजवली. छाती वर-खाली होत होती, बाकी काही नाही. शेवटी चार कोळ्यांनी उचलून त्याला घरी नेलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, ताप नाही, उलट अंग फारच गार आहे. मी रात्रभर त्याचे तळवे चोळले. तरी मास्तरांना चिडवायला विसरले नाही, कारण ते घंटा हातात धरूनच पेंगत होते.

रविवारी दुपारी ओतूबाबा आला. अंगावर अजून मयताचं काळं-तांबडं कापड होतं. मी सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं. मग तो आतोच्या उशाशी उभा राहिला, डोळे मिटले, आणि सबंध सामना सांगितला. बायका दारात जमल्या. त्यांना वाटलं, बाबाला भावाच्या दुःखाने वेड लागलं. शेवटी त्याने शिट्टी वाजवली. पाऊण तासाने आतोने डोळे उघडले आणि म्हणाला, "आजचा सामना लांबला. काही खायला आहे?"

त्या संध्याकाळी मी ओतूबाबाला दुकानामागे गाठलं.

"खरं सांग, बाबा. हे काय चाललंय?"

त्याने वस्तऱ्याच्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. "अराबा, ऑक्टोबरपासून मी काही रचत नाही. डोळे मिटले की दिसतं. मी नुसतं बोलत जातो."

"आणि आतो?"

"सगळ्यांत सुंदर तोच खेळतो." त्याचे डोळे भरले. "पूर्वी मधूनमधून मागे वळून बघायचा, मी आहे का ते. हल्ली बघत नाही."

६

मी आतोला म्हणाले, "यापुढे शनिवारी दुकानात यायचं नाही."

"मग घरी झोपेन. आणि उशाशी बाबा सांगणारच नसेल, तर तिकडून परत कसा येऊ?"

म्हणजे त्याला माहीत होतं. माझा इतका संताप झाला की हातातला केंके मी त्याच्या अंगावर फेकला. त्याने तो झेलला आणि सोलून खायला लागला. असा तो माणूस.

"तिकडे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"नीट आठवत नाही. पाऊस असतो. वारा असतो, गार. सगळे फार कमी बोलतात." तो खाता खाता थांबला. "अराबा, मी पळतो. दोन्ही पायांनी."

मला भांडता येतं, रडता येतं, पण वीस वर्षं लंगडलेल्या माणसाला पळू नकोस असं कसं म्हणायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, ओतूबाबाचं सांगणं ऐन भरात असताना, मी पायरीवरून उठले आणि किल्ल्यामागे गेले. खात्री करून घ्यायची होती, दुसरं काही नाही. दफनभूमीच्या भिंतीशी पोचले आणि आतून आवाज आला. धप्. मग पावलं, खूप पावलं, मऊ जमिनीवर. कोणाची तरी धाप. पुन्हा धप्. ते काय असतं ते मला ठाऊक होतं, लहानपणापासून समुद्रकिनाऱ्यावर ऐकत आले होते. मी फाटक ढकललं, आणि समुद्राशिवाय काही ऐकू येईना.

अकरा दगड होते. पंधरा दिवस पाऊस नव्हता आणि सगळं गवत भिजलेलं होतं. डाव्या टोकाला त्या साफ झालेल्या दगडाशेजारी जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती. लांबट चौकोन, चारी कोपरे काटकोनात. मैदानावर मारतात तशी, पण मैदान नव्हतं ते. मापाने एका माणसापुरतंच होतं.

मागून किल्ल्याचा पहारेकरी आला. "सरकारी लोकांनी मारली असेल," तो म्हणाला. "कोणाची सोय चाललीय देव जाणे. लांबी बघ, चांगला उंच गडी असणार."

मी त्या बिननावाच्या दगडाला धरून बसले. आणि तशी बसलेली असतानाच मनात आलं, की डावी बाजू कधी मोकळी नव्हतीच. ज्याची होती त्याला आम्ही सात वर्षं हाक मारली नव्हती. दहा जणांना दर शनिवारी बोलावलं, नाचवलं, शिव्या दिल्या, आणि हा एकटा इथे ऐकत बसलेला. आता त्याची जागा भरायला आम्ही आमचाच माणूस पाठवला होता.

७

हंगामाचा शेवटचा शनिवार उजाडला. मार्ल्सबी जिंकले तर तिसऱ्या विभागात जाणार होते. गावात सणाचं वातावरण होतं. कोणीतरी ओतूबाबाच्या दाराला माडाच्या झावळ्या बांधल्या होत्या.

मी सकाळीच पिठाचा मोठा गोळा घेऊन दफनभूमीत गेले. आंबलेलं पीठ कसं बसतं ते मला विचारा. टोपलीच्या विणीत जाऊन बसलं की सुईनेही निघत नाही. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते पिठाला सापडेल असं मला वाटलं. मी दगडावर पीठ थापलं, तळहाताने घासलं, आणि ओल्या फडक्याने हलक्या हाताने वरचं पुसून काढलं.

"अराबा!" पहारेकरी ओरडला. "दगडाला केंके भरवतेस?"

"दोनशे वर्षं उपाशी आहे. तुझं काय जातं?"

पहिल्यांदा नुसतेच पांढरे ठिपके राहिले. दुसऱ्यांदा एक उभी रेघ. चौथ्यांदा घासलं तेव्हा पीठ खाचांत बसलं होतं आणि अक्षरं मी मिशनच्या शाळेत शिकले तशी एकेक लावत गेले. टोबायस वेन. सुतार. वय सव्वीस. खाली आणखी एक ओळ होती, ती कितीही घासली तरी आली नाही.

मी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत दुकानात आले. वाटेत दोघांनी काय म्हणतेस म्हणून विचारलं, पण दुसरा शब्द मी तोंडात येऊ दिला नाही. नाव सांडेल अशी भीती वाटत होती.

८

निकाल लागला. मार्ल्सबी तीन, समोरचे दोन.

मास्तरांनी खडू छताला फेकून मारला. बाहेर लोक नाचायला लागले. तो गलका संपायच्या आत आतो झोपला होता, आणि या वेळी भिंतीला डोकंही टेकलं नव्हतं, नुसता ताठ बसलेला. छाती इतकी हळू हलत होती की मला मोजता येईना.

ओतूबाबाने सांगायला सुरुवात केली. पहिला गोल आतोचा, दुसरा आतोचा. मग समोरच्यांचे दोन. बाहेरचे लोक खिडकीशी दाटले होते, हसत होते, ओरडत होते. मी ओतूबाबाच्या कानाशी गेले. "बदली कर. अकराव्याचं नाव दगडावर सापडलंय."

"मला करता येत नाही," तो डोळे मिटूनच कुजबुजला. "मी फक्त बघतो. वाचलंयस तू. हाक तू मार. आणि लवकर, दहा मिनिटं राहिलीत."

सात वर्षांत सामन्याच्या मध्ये ओतूबाबाशिवाय कोणी शब्द बोललं नव्हतं. मी उभी राहिले. आतोच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून समोरच्या मोठ्या आरशाकडे बघितलं आणि बाजारात ओरडते तशी ओरडले, "टोबायस वेन!"

खिडकीतला गलका बंद झाला.

आरशात दुकान होतं. फळा होता, कॅलेंडर होतं, आमचं बाक होतं. बाकावर कोणी नव्हतं. बाकाच्या मागे जिथे भिंत हवी तिथे करडा उजेड होता आणि ओलं, गडद हिरवं काहीतरी लांबवर पसरलेलं. एक बारीकसा माणूस माझ्याकडे पाठ करून कोट काढत होता. त्याने कोटाची नीट घडी घातली, शिवण शिवणीला लावून, जशी कारागीर माणसं घालतात. आणि लांबून आतो येत होता. पळत. मी त्याला पंधरा वर्षं ओळखते आणि पळताना कधी पाहिलं नव्हतं. इतका देखणा दिसतो तो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारला. बारीक माणूस आत गेला. आतो रेघेपाशी आला आणि थांबला.

त्याने मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मागे.

मला खूप काही म्हणायचं होतं. माझ्यासाठी ये, मी एकदा विधवा झालेय, पुन्हा होणार नाही, असलं सगळं. तोंडातून आलं ते भलतंच. "आतो, मासे गार होतायत!"

तो हसला. त्याचे दात दिसले. मग आरशात पुन्हा बाकामागची भिंत होती, कॅलेंडर होतं, आणि एप्रिल महिना.

मागे ओतूबाबाचा आवाज मोठा झाला. "डावीकडून नवा गडी निघालाय, बघा, बघा, कसा निघालाय! इतकी वर्षं कुठे होता हा?" आणि तिसरा गोल झाला. खिडकीतले लोक एकमेकांच्या अंगावर पडले. ओतूबाबाने शिट्टी वाजवली ती रडत रडतच.

शिट्टीचा आवाज विरला नव्हता तोच बाकाशी कट्कन गुडघा वाजला. आतो उठला होता, भिंतीला धरून, डावा पाय उचलून. हाताला हात लावला तर ऊन होता. मी सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात पडले आणि मास्तरांनी सभ्यपणे फळ्याकडे तोंड केलं.

आतो माझ्या कानात म्हणाला, "दहा मिनिटं राहिली होती, अराबा."

रागाने नाही म्हणाला. राग चालला असता मला.

९

जूनमध्ये आमचं लग्न झालं. ओतूबाबाने आतोची दाढी फुकट केली, आणि तीही पूर्ण. किल्ल्यामागची चुन्याची रेघ पहिल्या पावसातच धुऊन गेली, मी जाऊन बघून आले. मार्ल्सबी तिसऱ्या विभागात गेले आणि तिथे त्यांना सगळ्यांनी बदडून काढलं. ओतूबाबा पुन्हा पूर्वीसारखा मनानेच रचून सांगतो. टोबायस वेन डावीकडे असतो, फार पास देतो, तक्रार करत नाही. आतो बाकावर जागा बसून ऐकतो आणि चुका काढतो.

तो आता पूर्वीपेक्षा जास्त लंगडतो. संध्याकाळी गल्लीतून त्याचं पाऊल येतं, एक जड, एक ओढत, आणि मी कढई चुलीवर ठेवते. तो आवाज मला जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा आवडतो. मी स्वार्थी आहे. असू दे.

एकदाच मी त्याला विचारलं. तो दारात बसून कोणाच्या तरी लॉरीची पाटी रंगवत होता.

"मी हाक मारली म्हणून आलास, की तुझी जागा भरली म्हणून?"

त्याने कुंचला धुतला, निथळवला, पुन्हा रंगात बुडवला. "जागा भरली होती," तो म्हणाला. "पण कोपऱ्यात उभं राहू दिलं असतं त्यांनी." मग एक अक्षर पुरं केलं. "आणि मग तू दिसलीस."

बहुतेक दिवशी मला तेवढं पुरतं. शनिवारी जरा कमी पडतं.